चढावरचा मागचा दिवा

पहाटे साडेचारला तो उठायचा. सहाला कारखान्याचा पहारेकरी कुरकुरत फाटक उघडायचा. आठला शेजारची यंत्रं सुरू झाली की मीटरचा आकडा नाचायला लागतो, म्हणून खरं मोजमाप त्याआधीच करायचं, असा त्याचा नेम होता.

गाड्यांच्या एलईडी दिव्यांना वीज पुरवणारी सर्किटं तो बनवायचा. पदवी नव्हती. वीस वर्षं सोल्डरिंग केलेला हात होता. अँपिअरच्या हजाराव्या भागासाठीही साहेबाशी वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला मिलीअँप म्हणत.

त्याचा धाकटा भाऊ बॅटरीवरची तीनचाकी चालवायचा. संध्याकाळी घराजवळचा चढ लागला की जुनी बॅटरी मान टाकायची. मग तेवढीच वीज वाचावी म्हणून धाकटा मागचा दिवा बंद करून चढ चढायचा. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा.

"दादा, नवी बॅटरी घेऊ या. थोडे तू घाल, थोडे मी."

"बॅटरी कशाला? दिव्याचंच खाणं कमी करतो."

"दिवा खातो चिमूटभर, मोटार खाते परातभर. तूच सांगितलंस ना?"

"तू गाडी हाक. विजेचं माझ्यावर सोड."

"सोडलं बाबा. चढ संपेपर्यंत पुरव म्हणजे झालं."

अकरा महिने तो त्यामागे लागला. जुन्या सर्किटमध्ये निम्म्याहून जास्त वीज नुसती तापण्यात जायची. नव्यात त्याने ती क्षणाक्षणाला तोडून, कॉइलमधून सारखी करून दिव्याला दिली. कॉइल हाताने गुंडाळायची, मोजायची, उसवायची, पुन्हा गुंडाळायची. बावीस बोर्ड वाया गेले. तेविसावा तासभर जळत ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं. बोर्ड कोमट होता. उजेड पूर्वीइतकाच, वीज तिसरा हिस्सा.

सुट्टीच्या दिवशी त्याने स्वतः तो दिवा गाडीला बसवला.

"आता हा बंद करायचा नाही."

"नाही करत, मिलीअँपसाहेब."

नवव्या दिवशी, दिवेलागणीला, चढावर मागून ट्रक आला. धाकटा जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या आवारात त्याने गाडी पाहिली. मागची बाजू चेपली होती. दिव्याची काच फुटली होती, आत बोर्ड शाबूत होता. त्याने बॅटरीला मीटर लावला. चढ संपून उरेल एवढी वीज शिल्लक होती. मग पुढे वाकून दिव्याचं बटण पाहिलं. बंद होतं.

नऊ वर्षं चढ लागला की धाकट्याचा अंगठा त्या बटणावर जायचा. त्या दिवशीही गेला असेल, त्याच्या नकळत.

बटण काढून दिवा थेट किल्लीला जोडायला दहा मिनिटं लागली असती. अकरा महिने दिले, ती दहा मिनिटं दिली नाहीत. तो तिथेच जमिनीवर बसला. हवालदाराने पाणी आणून दिलं.

घरी भावजयीने एकच विचारलं. "दिवा चालू होता ना, दादा?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नव्हता," तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलं होतं त्यांना?"

"सांगितलं होतं. पण बटण तिथेच ठेवलं. चूक माझी."

"माझं तरी कधी ऐकलं त्यांनी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

महिन्याभराने ती म्हणाली, गाडी दुरुस्त करून मीच चालवीन. त्याने समजावलं नाही. सात महिने दोन पाळ्या केल्या. पहाटेची मोजमापं सोडली. कारखान्यात कोणी मिलीअँप म्हणून हाक मारली तर तो ओ देत नसे.

गाडीच्या पुढच्या पट्टीवर जिथे बटण होतं, तिथे आता पत्र्याचा गोल तुकडा आहे, कडेकडेने सोल्डर करून पक्का बसवलेला. किल्ली फिरली की मागचा दिवा लागतो आणि कोणालाही तो बंद करता येत नाही. सीटखाली नवी बॅटरी आहे. त्या सात महिन्यांच्या पगारातून त्याने तीच घेतली, धाकट्याने मागितली होती ती.