मेहुण्यांचा काळा पडदा

आमच्या वर्तमानपत्राच्या फोटो विभागात साहेबांच्या बायकोचे भाऊ कामाला लागले, तेव्हापासून आम्ही त्यांना मेहुणे म्हणायचो. आधी तोंडावर नाही, मग तोंडावरही. त्यांना त्यात मानच वाटायचा. माणसाला नात्याखेरीज दुसरी ओळख नसली की असं होतं.

मेहुण्यांना संगणकातलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. कुणी पाहुणा विभागात आला की हे चटकन काळ्या पडद्याची खिडकी उघडत. त्यावर पांढरी अक्षरं पळत असली की कपाळाला आठ्या घालून बघत बसत. मी एकदा मागून पाहिलं. पळत होती ती त्यांच्याच संगणकातल्या फाइलींची यादी.

विभागात फोटोंना नावं द्यायचं काम काकू करत. सहा वर्षं त्या एकेक फोटो उघडून फाइलीच्या नावातच प्रसंग, तारीख आणि माणसं लिहीत होत्या. डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, सगळं. अकरा हजारांवर फोटो झाले होते. मेहुणे त्याला टंकलेखन म्हणत.

एके दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, "भावजी, एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. कामांची यादी लिहून ठेवायची, काळ्या पडद्यावर एक आज्ञा द्यायची, की फोटो लहान करणं, नावं देणं, जागच्या जागी लावणं, सगळं आपोआप. काकूंचं वर्षाचं काम चहा पिऊन होईपर्यंत."

साहेब खूश झाले. काकू शेजारच्याच टेबलावर होत्या, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही.

ती प्रणाली संगणकावर बसवायला मेहुण्यांना नऊ दिवस लागले. ती चालायला आधी दुसरं एक सॉफ्टवेअर लागायचं, आणि आमच्याकडे त्याची जुनी आवृत्ती होती. पडद्यावर हे सरळ लिहून येत होतं. पण वाचेल तर तो मेहुणा कसला. ते इंटरनेटवरून कुणीतरी दिलेल्या ओळी उचलायचे आणि डोळे झाकून चिकटवायचे. 'परवानगी नाही' असं आलं की पुढे मुख्य अधिकाराचा शब्द जोडून तीच ओळ पुन्हा मारायचे. तो शब्द म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या एकदम हातात देणं. शेवटी ती बसली, म्हणजे निदान चूक दाखवणारी लाल अक्षरं यायची थांबली.

काकूंनी त्या प्रणालीचं माहितीचं पान छापून वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "मेहुणे, इथे लिहिलंय की आधी तालीम म्हणून चालवून बघा. काय बदलणार ते नुसतं दाखवते, बदलत काहीच नाही. आणि मूळ फोटोंवर नको, प्रतींवर चालवा."

"काकू, ते नवशिक्यांसाठी असतं."

साहेबांसमोर प्रात्यक्षिक झालं. चार मिनिटांत पडद्यावरून अकरा हजार ओळी धावत गेल्या. साहेबांनी मेहुण्यांची पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या, हे सांगितलं पाहिजे. काकूंनी आपल्या जागेवरून नावानं एक फोटो शोधून पाहिला, मग दुसरा. एकही सापडला नाही. फाइलींची नावं गेली होती. सगळ्यांना ओळीनं आकडे पडले होते.

"आता कसं एकसारखं दिसतंय," मेहुणे म्हणाले.

आठवड्याभरात एक निवृत्त मुख्याध्यापक वारले. पान लावणाऱ्यानं आकड्यांच्या ढिगातून चेहरा बघून फोटो निवडला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ कार्यालयात आले आणि खुर्चीत बसले. वारलेल्यांचे ते धाकटे भाऊ. छापलेला फोटो त्यांचा होता.

"सकाळपासून घरी माणसं येताहेत," ते म्हणाले. "दार उघडून उघडून बायको दमली. एक जण मला बघून पायरीवरच बसला. मला माझ्या भावासाठी रडायचं होतं हो, पण सगळी सकाळ मी जिवंत आहे हे सांगण्यात गेली."

साहेबांनी हात जोडले. मेहुणे म्हणाले, "मूळ नावं देतानाच गोंधळ झाला असणार. काकूंचं आता वय झालं." मी तिथेच उभा होतो. खापर कुणाच्या डोक्यावर फुटतंय ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि मी कागद चाळत राहिलो. मेहुण्यांचा तिरस्कार करायला मला कधी कष्ट पडले नाहीत. त्या दिवसापासून त्यातला थोडा माझ्या स्वतःच्याही वाट्याला येतो.

काकू वाद घालत बसल्या नाहीत. मेहुण्यांनी त्यांना संगणकावरचा कचरा काढायला सांगितला होता. त्यात त्यांना एक लांबलचक फाइल सापडली. प्रणालीनं स्वतःच ठेवलेली नोंद होती ती: प्रत्येक ओळीत डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवा आकडा. काकूंनी स्वतःचे शब्द ओळखले.

पुढचे तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शब्दकोश घेऊन प्रणालीचं ते इंग्रजी माहितीचं पान पुन्हा वाचलं. अडलं की मला विचारायच्या, आणि मला आलं नाही की तसं सांगायला लावायच्या. आधी त्यांनी त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती बदलली. मग प्रणाली नव्यानं बसवली, फक्त आपल्या खात्यात, मुख्य अधिकाराला हात न लावता. नोंदीवरून जुनी नावं परत देण्यासाठी ती आधी दहा फोटोंच्या प्रतींवर चालवली. एक नाव अर्धवट आलं. कारण सापडेपर्यंत दोन दिवस त्या पुढे सरकल्या नाहीत. मग एका मंगळवारी सगळी नावं परत आली.

साहेब म्हणाले, "छान झालं."

"ती नोंद मीच चालू ठेवली होती," मेहुणे म्हणाले. "म्हटलं, असू दे."

खरं म्हणजे अशी नोंद होते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

महिन्याभरात मेहुण्यांना बढती मिळाली. सगळ्या शाखांना ही प्रणाली शिकवायला त्यांना मुख्य कार्यालयात नेलं. निरोपाला ते धीर या विषयावर पंधरा मिनिटं बोलले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा काकूंना फोन आला, शिकवायचं कसं ते जरा लिहून पाठवा म्हणून.

"सवड नाही," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी त्या दिवशीच्या फोटोंवर प्रणाली चालू केली.