पोट बघायचंय की कातडी?

"पोट बघायचंय की कातडी?" ओतलेल्या पोलादाचा तुकडा कोणी तपासायला आणला की बाई आधी हेच विचारायच्या. कमरेला पदर खोचलेला, हातात टॉर्च, आणि त्या ओबडधोबड धुडाभोवती सावकाश प्रदक्षिणा. डॉक्टर नाडीला हात लावायच्या आधी पेशंटकडे नुसतं बघत राहतो, ते तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसं.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री होती. बाई तपासणी विभागाच्या प्रमुख, आणि मी माल रवाना करणारा. म्हणजे वैर जन्मजातच. मला गाडी सोडायची घाई, त्यांना ती अडवायची. कामगार त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत.

मला त्यांनी चहा पिता पिता समजावलं होतं. पोटात, म्हणजे आत, पोकळी किंवा वायूचे बुडबुडे असल्याचा संशय आला तर एक्स-रे. भाग फार जाड असेल तर ध्वनिलहरी आत सोडून त्यांचा प्रतिध्वनी पाहायचा. कातडीवरच्या केसाएवढ्या भेगेला चुंबक आणि लोखंडाची भुकटी. आणि चुंबकाला दाद न देणाऱ्या स्टेनलेसला भेगेत झिरपणारा लाल रंग. "सगळ्यांना एकच औषध देतो तो वैद्य नसतो, बुवा असतो," त्या म्हणायच्या.

एकदा शहागंजच्या मंडईत दिसल्या. वांगी उलटसुलट करून बघत होत्या. वांगीवाले चाचा वैतागले. म्हणाले, "अरे बाई, काट के देख लो ना." बाई शांतपणे म्हणाल्या, "चाचा, काट के तो सबको समजता. मेरेको बगैर काटे बोलने की तनखा मिलती." चाचांना काय उमगलं कोण जाणे, पण त्यांनी दोन वांगी वर टाकली.

ते नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोर्चे निघत, विरोधातही निघत. आमच्या कॅन्टीनमधलीसुद्धा दोन टेबलं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. बाई मोर्चाला जात, आणि हे त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं.

अशातच वीजकेंद्राच्या वाफेच्या व्हॉल्व्हची मोठी ऑर्डर तयार झाली. दुसऱ्या दिवशी नामांतरासाठी शहर बंद होतं, म्हणून गाडी संध्याकाळच्या आत शहराबाहेर पडायला हवी होती. मॅनेजरसाहेबांनी सगळ्या मालाचे एक्स-रे काढून घेतले होते. फिल्म दाखवली की गिऱ्हाईक खूश होतं, हा त्यांचा अनुभव. फिल्म स्वच्छ आल्या होत्या. मी गाडी भरायला घेतली.

बाईंनी सही केली नाही. ओतकाम चाललं होतं तेव्हा त्या तिथं उभ्या होत्या. व्हॉल्व्ह आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा फार कडक झाला होता. धातू थंड होताना आकसतो आणि गाभ्यानं जागा दिली नाही तर कोपऱ्यात फाटतो. अशी बारीक भेग फिल्मवर दिसेलच असं नाही, म्हणून चुंबकाची तपासणी झाल्याशिवाय माल सोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

साहेब चिडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्याच्या बंदात आमची गाडी अडकवायचीय तुम्हाला. सरळ सांगा ना."

बाईंचा चेहरा उतरला, तो मला आजही दिसतो. मग त्या म्हणाल्या, "उद्याची रजा मी टाकलीय साहेब. आज मी कामावर आहे."

त्यांनी व्हॉल्व्हवर काळं कापड टाकून तंबू केला. कोपऱ्यांना चुंबकाचे पाय लावले, जांभळ्या उजेडात चमकणाऱ्या भुकटीचं पाणी ओतलं, दिवा धरला. थोडा वेळ आत राहिल्या आणि मग साहेबांना बोलावलं. साहेब वाकून आत गेले. मीही मागून डोकावलो. अंधारात, जाड भाग पातळ भागाला मिळतो तिथं, भेगेवर जमलेल्या भुकटीची हिरवीगार रेघ चमकत होती. एखाद्यानं नखानं ओढावी तशी.

साहेब बाहेर आले. मला एवढंच म्हणाले की गाडी रिकामी करा.

दुसऱ्या दिवशी बाई मोर्चात गेल्या आणि त्यांना अटक झाली. इकडे भेगा घासून काढल्या, वेल्डिंग झालं, भट्टीत ताव दिला. काही व्हॉल्व्ह मात्र वितळवावे लागले. गिऱ्हाइकाचे फोन सुरू झाले. कोणीतरी सुचवलं की बाहेरच्या माणसाची सही घेऊन टाकू. साहेब म्हणाले, "बाई सुटून येईपर्यंत माल हलणार नाही."

बाई सुटून आल्या त्या सकाळी साहेब स्वतः फाटकापर्यंत गेले. माफीबिफी काही मागितली नाही, ते त्यांना जमणारं नव्हतं. बाईंची पिशवी तेवढी स्वतःच्या हातात घेतली आणि त्यांच्यासोबत शेडपर्यंत चालत आले. रखवालदार म्हणाला, "लई दिसांनी असलं बघाया मिळालं."

पुढं बाई नाशिकला गेल्या. गेल्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. आता आमच्या त्या फाउंड्रीत तपासणी कोण करतं, मला ठाऊक नाही.

मला आठवतो तो नामविस्तारानंतरचा एक दिवस. मी विद्यापीठावरून चाललो होतो. कमानीसमोर बाई उभ्या होत्या, शेजारी गावाकडून आणलेली त्यांची म्हातारी आई. आईला वाचता येत नव्हतं. बाईंनी तिचं बोट धरलं आणि कमानीवरच्या नव्या नावाचं एकेक अक्षर हवेत गिरवून दाखवलं. बराच वेळ लागला. म्हातारी दमली.

"लई लांब नाव हाय गं," ती म्हणाली.

"व्हय आई," बाई म्हणाल्या, "म्हणून तर लिहायला इतकी वर्षं लागली."