अवॉर्ड निघाला तुझ्या नावाचा

शाळेत मी चौथीपर्यंतच गेले. पुढचं शिक्षण झालं ते वाण्याच्या पुड्यांवर. डाळ डब्यात गेली की कागद माझ्या मांडीवर. म्हातारपणी बोईसरच्या एका वाचनालयात नाव घातलं आणि दर आठवड्याला दोन पुस्तकं आणायला लागले. घरात थोरल्या जाऊबाईंचं एकच म्हणणं, "एवढं वाचून तुला काय मामलेदार व्हायचंय?"

त्या दिवशी मी मागच्या वाडीत केळीची सुकी पानं काढत होते. फोन घरात होता, तो जाऊबाईंनी घेतला. आणि बघते तर काय, गुडघे दुखतात म्हणून देवळापर्यंत न जाणारी ही बाई पाटातल्या चिखलातून धावत येतेय!

"अगो धाकटे, घात झाला! अवॉर्ड निघाला तुझ्या नावाचा!"

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे अवॉर्ड म्हणजे जमीन जायचा कागद. रस्ता येतो, रूळ येतात, आधी मोजणीवाले येतात, मग झाडांवर आकडे पडतात आणि शेवटी अवॉर्ड निघतो. जाऊबाईंचं माहेर मासवणकडचं. त्यांच्या भावाची भातजमीन अशीच रस्त्यात गेली. त्यामुळे हा एक इंग्रजी शब्द त्यांना पक्का पाठ.

मी कोयता केळीच्या बुंध्याशी टाकला आणि वाडीभर नजर फिरवली. सासऱ्यांनी लावलेले चिकू, दोघींनी मिळून उपसलेली विहीर... ही वाडी गेली तर आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी सकाळी उठून जायचं कुठे?

"कोण बोलत होतं?"

"पोरगी होती कोणतरी. गोड बोलत होती. गोडच बोलतात ते! म्हणाली, आजींना उद्या आधार कार्ड घेऊन पाठवा, सही लागेल."

"वाडी कुठली ते विचारलं नाय?"

"इचारू कशाला? तुला दुसरी हाय काय?"

घरात येऊन आम्ही ट्रंक उपसली, सातबारा काढला, त्यावरचा आमच्या वाडीचा गट नंबर वाचला. जाऊबाई म्हणाल्या, "सही करू नको. अंगठा पण देऊ नको. हात दुखतो म्हणून सांग." शेवटी मी धीर करून त्या नंबरावर फोन लावला.

"आजी, अभिनंदन!" पलीकडून वाचनालयातली मुलगी बोलली. "यंदाचा उत्तम वाचक अवॉर्ड तुम्हाला."

मी हसत सुटले. जाऊबाईंना वाटलं, वाडीपायी हिचं डोकं गेलं.

दुसऱ्या दिवशी सही करताना मी त्या मुलीला विचारलं, जमीन जाते तोही अवॉर्ड आणि बक्षीस मिळतं तोही अवॉर्ड, हे कसं गं? तिने जाडजूड कोश काढला. शब्द म्हणे जुन्या फ्रेंच बोलीतला, मूळ अर्थ नीट निरखून पाहणं. सगळं निरखून पंचांनी द्यायचा निकाल, तो अवॉर्ड. बक्षीस हा अर्थ फार मागाहून चिकटला. मला आपला निवाडा शब्द आठवला. निवडणं आणि निवाडा, बहिणी बहिणीच की! वाल निवडतानासुद्धा आपण दाणा निरखूनच बाजूला काढतो.

घरी येऊन हे सांगितलं. जाऊबाई खरंच वाल निवडत बसल्या होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मग माझ्या भावाची जमीन कोणी निरखली गो?"

मी त्यांच्या सुपातले वाल निवडायला घेतले.

कार्यक्रमाला त्या आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. लाकडी फळीवर पितळी पत्रा आणि त्यावर माझं नाव, असं बक्षीस मिळालं. मी मंचावरून उतरताच त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला, पुढून बघितलं, उलटं करून मागून बघितलं, कडेनेसुद्धा बोट फिरवलं.

"काय शोधताय, जाऊबाई?"

"गट नंबर लिवलाय काय बघते," त्या म्हणाल्या. "नाय लिवलेला. घे, आता घरात आणायला हरकत नाय."