पांढऱ्या खाचेतल्या बावीस चकरा

आजोबा दर रविवारी कुठे जातात आणि मीही त्यांच्या मागे का जाते, असं तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलं होतं. तेव्हा सांगता आलं नाही, कारण आजोबा शेजारीच बसले होते. म्हणून आता लिहिते.

आंधळगावला आजोबांच्या एका मित्राच्या घरी वरच्या मजल्यावर लांबलचक खोली आहे. मित्र शेतकरी; घर त्यांचं, म्हणून क्लबात त्यांना सगळे यजमान म्हणतात. पूर्वी त्या खोलीत धानाची पोती असायची. आता तिथे प्लायवूडचा मोठा ट्रॅक आहे आणि त्यावर सहा म्हातारे मुठीएवढ्या मोटारी पळवतात. ट्रॅकला चार खाचा आहेत: लाल, पिवळी, निळी आणि पांढरी. प्रत्येक मोटारीच्या पोटाखाली एक खुंटी असते, ती खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंनी तांब्याची पट्टी आहे, तिच्यातून मोटारीला वीज मिळते. हातात बंदुकीसारखा घोडा असतो. दाबला की मोटार पळते, वळणावर फार दाबला की खाच सोडून उडते. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. किती दाबायचं आणि केव्हा सोडायचं, एवढंच माणसाच्या हातात. दाबणं सहाही जणांना उत्तम येतं.

ट्रॅक आजोबांनी बनवला. वरठीच्या प्लांटमध्ये त्यांनी नोकरीभर विजेचं काम केलं, त्यामुळे ट्रॅक चांगला झाला. चकरा मोजायचं यंत्रही त्यांनीच केलं होतं. प्रकाशाचा झोत तुटला की आकडा एकाने पुढे सरकायचा. मोटार गेली तरी सरकायचा, पाल गेली तरी सरकायचा. एका रविवारी पालीचा तिसरा क्रमांक आला. तेव्हापासून चकरा मी मोजते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सहा वर्षं झाली, माझ्या आकड्यावर कोणी हरकत घेतलेली नाही.

क्लबाचे नियमही मीच लिहिले. एका कागदावर इंग्रजीत, दुसऱ्यावर मराठीत, आणि दोन्ही भिंतीला लावले. त्यातला चौथा नियम असा: ज्याने एका फेरीत मोटार पळवली, त्याने दुसऱ्या फेरीत वळणावर उभं राहायचं आणि इतरांच्या उडालेल्या मोटारी उचलून पुन्हा खाचेत ठेवायच्या. याला आमच्याकडे राखण म्हणतात, शेतात पाखरं राखतात तसं. नियम माझ्या डोक्यातला नाही, जगभर असे क्लब याच नियमावर चालतात. पण मराठी कागदावर मी त्याच्याखाली रेघ ओढली. मी ज्या घरात वाढले, तिथे कोणी कोणाच्या वस्तूसाठी वाकायचं हा प्रश्न साधा नव्हता. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि पोरीला इंग्रजी शिकवली, ती मला साहेबीण करायला नाही. वाकायचंच असेल तर सगळ्यांनी पाळीपाळीने वाकावं, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

आता खरी गोष्ट सांगते. मला मोटार पळवायची होती. सहा वर्षं मी उंच स्टुलावर बसून पाहत होते. कोण कोणत्या वळणावर उशिरा सोडतो, कोणाची मोटार कुठे उडणार, हे मला त्यांच्या आधी कळायचं. मी दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा उत्तर आलं, "वहिनी, तुमी पळवाले लागल्या त मोजन कोन?" दुसऱ्यांदा उत्तर आलं, "बोट दुखते जी." तीस वर्षं मी शाळेत खडू धरला, पण त्याने बोट दुखतं असं कोणी म्हटलं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी एकदा क्लबाचा स्नेहमेळा असतो. त्या रविवारी घरच्या मंडळींनाही बोलावतात, म्हणजे बायका खाली स्वयंपाक करतात आणि पुरुष वर स्नेह करतात. या वेळच्या स्नेहमेळ्याला सहावे सदस्य भाच्याच्या लग्नाला जाणार होते. एक जागा रिकामी होती. मी गुरुवारीच आजोबांना म्हटलं, "या रविवारी ती जागा मला." ते म्हणाले, "बघू." आजोबांचं 'बघू' मी पन्नास वर्षं बघते आहे. तरी मी त्यांची जुनी हिरवी मोटार काढली, टायर चिकटपट्टीवर फिरवून साफ केले आणि स्कूटरवर तो डबा मांडीवर घेऊन आंधळगावला गेले.

वर पोचले तर रिकाम्या जागेवर खुर्ची मांडलेली, खुर्चीवर उशी, आणि उशीवर तिशीतला एक तरुण अवघडून बसलेला.

"हे आमचे जवाईबापू," यजमान म्हणाले. "बपेऱ्याचे. नोकरी नागपूरले. पयल्यांदाच आले खेळाले. सहावी जागा खालीच होती न जी!"

मी आजोबांकडे पाहिलं. आजोबा तारा तपासायला ट्रॅकखाली गेले.

पहिल्या फेरीत जावई, यजमान, आजोबा आणि गणिताचे निवृत्त गुरुजी. प्लांटमधले दोघे मित्र राखणीला. जावयांनी घोडा जो पहिल्या सेकंदाला पूर्ण दाबला, तो सोडलाच नाही. मोटार पहिल्याच वळणावर उडून खिडकीखाली गेली. "वा, जवाईबापू! काय स्पीड आहे!" गुरुजी म्हणाले. प्लांटमधले मित्र धावले, मोटार आणली, ती पुन्हा उडाली. सासरे म्हणाले, "ट्रॅकच खराब हाय." आणि तुमच्या आजोबांनी मान डोलावली. पांढऱ्या खाचेपाशी फळीचा सांधा ओलीने फुगला आहे, असं मी एकदा म्हटलं होतं, तर दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. लक्षात ठेवा, हे तेच आजोबा.

खरी गंमत पुढे झाली. जावयांनी हरू नये म्हणून तिघे हळू पळवायला लागले. पण हळू पळवणं सोपं नसतं. जावयांची मोटार खाचेबाहेर पडलेली असताना तिघांनाही कुठेतरी वेळ घालवायचा होता. गुरुजींनी मध्येच थांबून चष्मा पुसला. आजोबांनी टायरवरचा न दिसणारा केस काढला. यजमान तर चक्क पाणी प्यायला गेले. तीन कर्ते पुरुष मागे राहण्यासाठी घाम गाळत होते. एरवी तीन मिनिटांत कोणाच्याही वीसच्या खाली चकरा होत नाहीत. त्या दिवशी जावई अकरा, आणि बाकीचे तिघे प्रत्येकी दहा. मी तसंच लिहिलं. खोटं काय लिहायचं, चकरा खऱ्याच होत्या.

दुसऱ्या फेरीत नियमाप्रमाणे राखणीची पाळी जावयांची. ते बिचारे उठलेही. यजमानांनी खांदा धरून त्यांना खाली बसवलं.

"बाप्पा! जवाई का आमच्या मोटारा उचलतीन?"

"उचलतो न मामाजी, त्यात काय..."

"बसा तुमी! लोकं काय म्हनतीन?" मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, जरा तुमी उभ्या राहता का? मोजाचं गुरुजी पाहून घेतीन."

जावयांनी वाकलं तर लोक काय म्हणतील, याची त्यांना काळजी होती. मी वाकले तर लोक काही म्हणणार नव्हते. मी पेन्सिल गुरुजींना दिली, स्टुलावरून उतरले आणि वळणावर उभी राहिले. तीन मिनिटांत चौदा मोटारी उचलल्या. एकदा ट्रॅकखाली गुडघ्यांवर जावं लागलं. फेरी संपल्यावर मी भिंतीपाशी गेले आणि चौथ्या नियमावर बोट ठेवलं.

"राखण झाली. आता पुढच्या फेरीत पाळी माझी."

आजोबा पंख्याकडे पाहायला लागले. शेवटी गुरुजी म्हणाले, "नियम त नियम होय जी." यजमानांनी थोडा विचार केला आणि ते हसून म्हणाले, "ठीक हाय वहिनी. शेवटच्या नाई आल्या त दर रविवारी तुमची पाळी पक्की. शेवटच्या आल्या त मंग आपलं मोजाचं काम बरं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. "पण माझ्या चकरा मोजणार कोण?"

"गुरुजी हायेत न. गनिताचे हायेत."

मला पांढरी खाच दिली, तीच ती फुगलेल्या सांध्याची. शेजारी आजोबा, यजमान आणि प्लांटमधले एक मित्र. जावयांना काही करू द्यायचं नव्हतंच, म्हणून त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईल वर धरला.

मी पहिल्या चार चकरा घाबरतच मारल्या. मग हात बसला. सांध्याच्या वीतभर आधी बोट अर्धं सोडायचं, सांधा ओलांडला की दाबायचं. हे मी सहा वर्षं मनात करत आले होते. प्लांटवाले मित्र दोनदा उडाले, यजमान तीनदा. मी एकदाही नाही. चकरा मी मनात मोजतच होते, ती सवय सुटत नाही. तेवढ्यात मागून गुरुजींचा आवाज आला, "वहिनीच्या बारा झाल्या का तेरा?"

"चौदा!" मी मान वळवून म्हटलं.

चुकीचं उत्तर कानावर आलं आणि गप्प बसले, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. मोटार उडाली आणि भिंतीपाशी ठेवलेल्या पाण्याच्या माठावर आपटली. राखणीच्या मित्राने ती आणून ठेवेपर्यंत माझा जीव बोटात आला होता. पुढच्या आठ चकरा मी कोणाचं काही ऐकलं नाही.

घंटी वाजली. गुरुजींनी घसा साफ करून वाचलं. आजोबा चोवीस. प्लांटमधले मित्र एकवीस. यजमान वीस. "आनि वहिनी... पंधरा."

"बावीस," मी म्हटलं.

"असं हाय वहिनी," गुरुजी म्हणाले, "तुमची मोटार उडली, मी समजलो तुमचं संपलं. मंग पाह्यलं त चालूच होती. म्हनून अंदाजानं एक वाढवली."

"अंदाजाने?"

"आता जे लिवलं ते लिवलं," यजमान म्हणाले. "चांगला परयत्न होता वहिनी."

मी आजोबांकडे वळले. ते माझ्या शेजारच्याच खाचेवर होते. म्हणाले, "माझं लक्ष माझ्या मोटारीवर होतं." पन्नास वर्षांचा संसार या एका वाक्यात बसतो.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. "काकूच्या बावीस झाल्या, मामाजी. मी मोबाईलमध्ये घेतलं न."

यजमानांचं तोंड पाहण्यासारखं झालं. जावई खोटं बोलतात म्हणायची सोय नव्हती. जावयांचं चुकलं म्हणायचीही नव्हती. दाखवा पाहू म्हणणं, म्हणजे विश्वास नाही असं होतं. जिन्यावर त्यांच्या बायकोचं डोकं दिसलं. पदराला हात पुसत तिने विचारलं, "काहो, आपल्याच घरात जवायाले खोटं पाडता का आता? या खाली, गोळाभात थंडा होऊन राह्यला."

"मी कुठं पाडून राह्यलो?" यजमान म्हणाले. "जवाईबापू म्हनतात त बावीसच असन. गुरुजी, खोडा ते पंधरा."

गुरुजींनी खोडलं. अशी मला जागा मिळाली. मी सहा वर्षं बिनचूक मोजलं, ते माझ्या कामी आलं नाही. भिंतीवरच्या नियमाने वळणापर्यंत पोचवलं, पुढे नाही. कामी आला तो जावयांचा मान, ज्याच्यामुळे सकाळी माझी जागा गेली होती. मला याचा राग आला आणि मी तो गोळाभाताबरोबर गिळला. जागा नको म्हणण्याइतकी मी तत्त्वाची नाही. आजोबा घरी येताना स्कूटरवर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, बघू म्हणून?"

पुढच्या रविवारी मी पिवळ्या खाचेवर पळवली आणि खरोखरच शेवटची आले. नंतर राखणीला उभी राहिले. यजमानही माझ्यासमोरच्या वळणावर राखणीला होते आणि माझ्याहून सावकाश वाकत होते. मोजायला आता ज्याची फेरी नसेल तो बसतो. आकडे चुकतात, मी बोलत नाही. फार प्रयत्नाने बोलत नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही, आजोबांनाही नाही. तुम्ही लांब आहात म्हणून सांगते. सगळं टापटीप असावं म्हणून मी त्या जावयांकडून तो व्हिडिओ मागवून घेतला. स्वतः एकदा मोजावं आणि तारीख घालून ठेवून द्यावं, असा विचार होता. त्यांनी लगेच पाठवला, वर हात जोडल्याची खूणही. व्हिडिओ छत्तीस सेकंदांचा आहे. सुरुवातीला माझी हिरवी मोटार ट्रॅकवरून जाते, पुन्हा एकदा जाते. मग चित्र पंख्याकडे वळतं, मग जावयांच्या पायांकडे, आणि शेवटी जिन्यातून वर येणाऱ्या पापडांच्या ताटावर येऊन थांबतं.

मी तो तीनदा पाहिला, पेन्सिल हातात घेऊन. दोन चकरा दिसतात. उरलेल्या वीस माझ्या मला माहीत आहेत.