पेट्रोल कुठे जात होतं

कर्जतला ढोरांचा डॉक्टर म्हणून माझी बदली झाली तेव्हा माझ्याजवळ एक जुनी, जोड सिलिंडरची मोटारसायकल होती. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मी ती घेतली होती. तालुक्यात तशी दुसरी गाडी मी पाहिली नाही, त्यामुळे ती बिघडली तर दुरुस्त करणारा मीच, आणि माझी हत्यारं म्हणजे दोन पाने नि एक पेचकस.

त्या वर्षी भातं पिवळी पडली आणि कडावच्या बाजूला गुरांमध्ये बुळकांडी पसरली. हा रोग एकदा गोठ्यात शिरला की दावणी रिकाम्या करूनच बाहेर पडतो. मी रोज सकाळी लसीची पेटी बांधून निघे. गावाबाहेरच्या चिंचेखाली गाडी लावून पुढे डोंगराकडच्या वाड्यांवर पायी जाई. गाडी राखायला तिथल्याच एका वाडीतला ठाकर गडी ठेवला होता. पन्नाशीचा, काटक, बोलायला अगदी कमी. दिवसभर चिंचेच्या मुळावर बसून राही आणि मी आलो की उठून उभा राही.

गाडी काळा धूर टाकू लागली तेव्हा मला प्रथम त्याचा संशय आला नव्हता. खालापूरच्या दुकानदाराचा आला होता. पेट्रोलचे डबे मी त्याच्याकडून आणत असे. गाडी चढाला गुदमरे, प्लग काढून पाहावे तर दोन्ही काजळीने काळे, मागचा तर ओलाचिंब. पेट्रोलही पूर्वीच्या दीडपट लागत होतं. यात घासलेट मिसळलंय, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. दुकानात जाऊन नव्या डब्यातला थेंब त्याच्यादेखत तळहातावर घेतला. पेट्रोल उडून जातं, घासलेट तेलकट राहतं. हात क्षणात कोरडा झाला.

दुकानदार म्हणाला, "डबा तुमच्यासमोर फोडलाय, डॉक्टर. आता माझे हात हुंगून बघता का?"

मी डबा उचलला. पण मनातला संशय गेला नाही, त्याने नुसती जागा बदलली. डब्यात पेट्रोल चोख असेल, तर ते कमी होतंय कुठे? दिवसभर गाडीजवळ कोण असतं?

एकदा मनात हे आलं आणि मग सगळंच तसं दिसू लागलं. मी परतलो की तो घाईने उभा राहतो, ते का? त्याच्या पंच्याला पेट्रोलचा वास येतो, तो कशाने? एका सकाळी गाडी चिंचेखाली लावल्यावर मी बांबूची काडी टाकीत बुडवली आणि ओल जिथवर आली तिथे चाकूने खूण केली. दुपारी परत आल्यावर त्याला विहिरीवर पाणी आणायला पाठवलं आणि काडी पुन्हा बुडवली. खुणेपेक्षा दोन बोटं कमी. चिंचेमागे पाहिलं, तर मुळांच्या बेचक्यात एक करवंटी ठेवलेली होती. तिला वास होता.

तो कळशी घेऊन आला तेव्हा करवंटी माझ्या हातात होती.

"हे काय आहे?"

"करवंटी हाय, सायब."

"ती दिसतेय मला. किती दिवस चाललंय हे? कुणाला नेऊन देतोस?"

त्याला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा मिटल्यासारखा झाला. "मी तुमाला पयल्याच आटवड्यात बोललो व्हतो. गाडी गळती म्हून."

ते खरं होतं. तो बोलला होता आणि मी म्हणालो होतो, जुन्या यंत्रातून तेल ठिबकतंच, तू लक्ष देऊ नकोस. पण त्या क्षणी मला ती पळवाट वाटली. मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस."

त्याने कळशी खाली ठेवली, अंगावरचा पंचा झटकला आणि बांधावरून निघून गेला.

पुढच्या रविवारी मी कुठे गेलो नाही. गाडी सकाळीच घरातल्या सामानाच्या खोलीत लावली, टाकीत काडी बुडवून खूण केली आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्या जानव्याला होती. हे कशासाठी केलं, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चोर गेला, आता पेट्रोल कमी होणार नाही, एवढंच मला डोळ्यांनी पाहायचं होतं. चार वाजता दार उघडलं तर वासाने डोकं भणाणलं. कार्बुरेटरखाली सारवलेली जमीन हातभर ओली झाली होती. काडी पाहिली, दोन बोटं कमी.

मी खिडकी उघडली आणि पाने घेऊन गाडीशेजारी बसलो.

कार्बुरेटर मी याआधी चारदा तरी खोलला होता. पण दर वेळी पेट्रोलमध्ये घाण आहे असं धरून नुसतं बारीक छिद्र फुंकत बसलो होतो. शेजारच्या वाटीत एक पोकळ पितळी डबी तरंगते, तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल पुरेसं भरलं की ती वर उचलली जाते आणि तिच्यावरची सुई पेट्रोलची वाट बंद करते. ती डबी काढून मी कानाशी हलवली. आत पेट्रोल खळखळलं. डबीच जड होऊन बुडाली होती, मग वाट बंद होणार कशी? टाकीखालची तोटी जुनी, ती कधीच पुरी मिटत नसे. चालताना जास्तीचं पेट्रोल इंजिनात जाऊन धूर होई, उभी असताना जमिनीवर ठिबके.

डबी कढत पाण्यात बुडवल्यावर सांध्याजवळून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. सुईच्या टोकापेक्षा लहान भोक. आतलं पेट्रोल सगळं निघून जाऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातल्या कल्हईवाल्याकडून तिथे कथलाचा डाग देववला. गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली. धूर नाही, गुदमरणं नाही. इतर वेळी मी किती खूश झालो असतो.

त्याच्या वाडीवर गेलो तेव्हा तो भाताच्या झोडणीसाठी अंगण सारवत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डबीचं, भोकाचं, माझ्या चुकीचं. तो सारवत राहिला. त्याची बायको पाणी घेऊन आली, ते मी प्यालो.

"करवंटी कशाला ठेवली होतीस रे?" मी विचारलं.

"गुराखी त्या झाडाखाली इडी ओढत्यात. ठिनगी पडली असती, तर तुमची गाडी अन् ते झाड, काय बी ऱ्हायलं नसतं. भरली की लांब मातीत वतायचो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं नाय. कुनाला देतोस, ह्येच इचारलं."

उद्यापासून परत ये, असं म्हणालो. त्याने हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाला, "पेटी उचलीन. गुरं बी धरीन. गाडीशी बसनार नाय."

रोग ओसरेपर्यंत त्याने माझी लसीची पेटी वाहिली. मारक्या बैलांची शिंगं त्याच्याइतकी घट्ट कुणी धरली नाहीत. त्याच्या वाडीत एकही जनावर दगावलं नाही, त्यात माझ्या सुईइतकाच त्याचा वाटा होता. गाडी चिंचेखाली एकटीच उभी राही. आम्ही परत आलो की मी ती सुरू करेपर्यंत तो रस्त्यापलीकडे थांबे, पेटी माझ्या हातात द्यायलाही अलीकडे येत नसे. ती घ्यायला मी रस्ता ओलांडून जाई.