आधी वास, मग घोट

पाणीवाल्या बाई कुणाच्याही घरी गेल्या तरी हातात आलेला पाण्याचा तांब्या आधी नाकाशी नेत. वास घेऊन झाला की मग घोट. यजमानीण समोर उभी आहे, तिला काय वाटेल, याची त्यांना फिकीर नसे. पहिल्या दिवशी माझ्या सासूबाईंना ते चांगलंच लागलं. "आमच्या हातचं पानी हुंगते काय?" असं त्या चुलीपाशी येऊन मला म्हणाल्या. पुढे ह्याच सासूबाई बाईंची बाजू घेऊन गावाशी भांडत, तो भाग वेगळा.

आमचं गाव बोईसरच्या कारखान्यांच्या मागे, वाणगावच्या अंगाला. वरच्या माळावर एका कारखान्याने खड्डा खणून त्यात आपला गाळ टाकायला सुरुवात केली होती, आणि आता त्यांना तो गावाच्या दिशेने वाढवायचा होता. खड्ड्यातली घाण जमिनीखालून झिरपत नाही ना, हे तपासल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती. तपासायला सरकारी प्रयोगशाळेतून ह्या बाई आल्या. मूळच्या सोलापूरकडच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. अख्खी वाडी ज्या विहिरीवर पाणी भरायची, तिचं पाणी चांगलं निघालं की खड्डा वाढणार, असं ठरलेलं होतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या ऑफिसातली बाई आपली विहीर बघायला येणार, एवढंच कळलं होतं.

मग काय, आम्ही बायकांनी कंबर कसली. विहीर उपसली, गाळ काढला, ग्रामपंचायतीतून ब्लीचिंग पावडर आणून ओतली. काठाला गेरू लावला, हळदकुंकू वाहिलं. पाहुणी येणार म्हणून घर सारवतात, तसंच.

सासूबाईंचा तांब्या हुंगला तेव्हाच पावडरचा वास बाईंच्या ध्यानात आला असणार. त्या विहिरीवर आल्या. कारखान्याचे साहेब तिथे आधीच हजर होते. पाणी नितळ दिसत होतं, त्यामुळे ते खुशीत. "मॅडम, देखो कितना साफ है. भर लो." बाईंनी बाटली भरली, हुंगली आणि तिथेच उलटी केली. "हे पाणी मी नेणार नाही. ह्याच्यावरून काहीच कळायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "आमचं काय चुकलं, बाय?" बाईंनी त्यांचा हात धरला. "आजी, तुम्ही घर आवरलंत. मला पसारा बघायचा होता." मग विहिरीच्या काठावरच बसून त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. पाणी चांगलं निघालं की खड्डा वाढणार, हे तेव्हा कुठे कळलं. आपल्याच हातांनी आपण तो खड्डा दारात आणत होतो.

त्यांनी वरच्या ऑफिसला लिहून टाकलं की खड्डा आणि गाव यांच्या मधे बोअर मारून नळ्या बसवल्याशिवाय आपण सही करणार नाही. "विहिरीत घाण आल्यावर तपासून काय उपयोग? ती वाटेत असताना पकडायची." साहेबांनी आरडाओरडा केला, पण नळ्या बसल्या. एक खड्ड्याच्या वरच्या अंगाला, बाकीच्या गावाच्या अंगाला. वरचं पाणी चांगलं आणि खालचं वाईट निघालं, तर मधे कोण बसलंय ते दिसतंच की, असं त्या म्हणत.

त्यानंतर ऑफिसची जीप त्यांना मिळेनाशी झाली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या एसटीने येऊ लागल्या. नमुने थंड ठेवावे लागत, म्हणून बोईसरच्या बाजारात मुरबे गावच्या कोळणीकडून बर्फ घेत. "मासा नाय, मग बर्फ कशाला, बाय?" असं तिने विचारलं, तेव्हा ह्या म्हणाल्या, "पाण्याला." ती बिचारी बघतच राहिली. नळीतून निघालेलं पहिलं पाणी त्या कधी घेत नसत. "हे नळीत बसून शिळं झालंय. जमिनीतलं अजून यायचंय." उन्हात उभ्या राहून उपसून टाकत, आणि मगच बाटली पुढे करत.

पुढच्या उन्हाळ्यात गावाकडच्या एका नळीच्या पाण्याला वास आला. विहीर तोवर चांगली होती. खड्डा वाढला नाही. होता तोही कारखान्याला उपसून न्यावा लागला. आमची विहीर वाचली. ती ह्या बाईंनी वाचवली, हे मी आजही मान वर करून सांगते.

बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला आल्या. सासूबाईंनी स्वतः विहिरीचं पाणी काढून दिलं. आज तरी तशाच पितील, म्हणून सगळी वाडी बघत होती. बाईंनी तांब्या नाकाशी नेला. "तुमचं म्हणून सोडलं, तर उद्या कुणाचंही सोडावं लागेल," म्हणाल्या आणि सगळा तांब्या रिकामा केला. सासूबाई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. बाई पुन्हा भेटल्या नाहीत.

परवा वाणगावला एका लग्नात आमच्या वाडीची माणसं पंगतीला बसली होती. पाणी वाढलं आणि सगळ्यांचे पेले आधी नाकाशी गेले. वाढणाऱ्या मुलाला राग आला. "पानी चांगलं हाय, हुंगताय काय?" नवऱ्या मुलीच्या आजोबांनी त्याला बाजूला घेतलं.

"हुंगू दे त्यांना," ते म्हणाले. "त्यांची इहीर अजून हाय."