उजेड मोजायचा गोळा

नळाला पाणी यायची वेळ साडेसहाची आणि जायची वेळ त्याच्या मर्जीची, म्हणून पद्मावतीबाईंच्या घरी सकाळ बादल्यांपासूनच सुरू व्हायची. त्या मंगळवारी बादल्या भरून झाल्या होत्या. सून राणी कुकरला खिचडी लावत होती आणि बाई फरशीवर पाय पसरून अंबाडीची पानं खुडत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. बेल असून कोणी दार वाजवलं म्हणजे त्याचे हात तरी भरलेले असणार, नाहीतर डोकं.

दारात वरच्या मजल्यावरची योगिनी उभी होती. वर्षापूर्वी पुण्याहून आलेलं हे जोडपं, दोघंही कंप्युटरवाले. तिच्या दोन्ही हातांत एकेक टॉर्च होता आणि चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर अवघड गेल्यासारखा भाव.

"काकू, पाच मिनिटं आहेत का?"

"पाच कशाला, खिचडी होईपर्यंत बस की."

योगिनी बसली आणि तिनं सांगून टाकलं. ती, तिचा नवरा सारंग आणि अजून वीसेक जण दर रविवारी शहराबाहेरची एक जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, साफ करायला जातात. खालच्या कमानींत भर दुपारीही अंधार. गेल्या रविवारी सारंग तिथे शेवाळावरून घसरला, घोटा सुजला.

"त्याच्या टॉर्चच्या खोक्यावर उजेड हजार लुमेन लिहिलाय. हजार! त्यापेक्षा उदबत्तीचा उजेड बरा. आता वीस टॉर्च घ्यायचेत. हे दोन नमुने. दोन्हींवर हजारच लिहिलंय. शनिवारी संध्याकाळपर्यंत दुकानदाराला सांगायचं कुठला ते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परत कोणी पडलं तर?" तिनं दोन्ही टॉर्च फरशीवर ठेवले. "राणी म्हणाली, तुम्ही कॉलेजात फिजिक्सला होता."

"होते. एकतीस वर्षं."

"मग झालं तर! मॅडम, तुम्हीच सांगा आता."

बाईंचा पान खुडणारा हात थांबला. फिजिक्सला त्या होत्याच. पण फळ्यासमोर नाही, कपाटांसमोर. लॅब अटेंडर. भिंगं पुसायची, तारा जोडून ठेवायच्या, मुली गेल्यावर सगळं मोजून कुलपात टाकायचं. त्या इमारतीत त्यांना सगळे पद्माबाई म्हणत. मॅडम म्हणून कोणी हाक मारली नव्हती, आणि आज मारली तर ती अंबाडीच्या ढिगासमोर. गुळाचा खडा जिभेवर ठेवावा तसं वाटलं. थुंकवेना.

"बघते," त्या म्हणाल्या.

योगिनी गेल्यावर राणी उलथनं घेऊनच बाहेर आली. "अत्या, ती तुम्हाला प्रोफेसर समजली."

"हौ."

"मग सांगितलं का नाही?"

"ती विचारली कुठं?"

"वा! म्हणजे मी सांगू?"

"नक्को," बाई घाईनं म्हणाल्या. "शनिवारपर्यंत नक्को."

पुढचे दोन दिवस घरात लगबगच लगबग. टॉर्चचा उजेड एका जागी पडतो, तिथं उजेडाचा मीटर धरला तर तेवढ्या ठिपक्याचाच आकडा मिळतो, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. "पीठ तव्यावर एका जागी ओतून धिरडं केवढं होईल ते कसं कळणार? आधी सारखं पसरायला पाहिजे," त्यांनी राणीला समजावलं. उजेड पसरायला पांढरा, पोकळ गोळा हवा. कॉलेजात एक परदेशी गोळा होता, तो पुसायचा मान त्यांचाच. आत काय काय असतं, ते त्यांच्या बोटांना पाठ होतं.

बुधवारी त्या रिक्षानं अफझलगंजच्या बाजारात गेल्या आणि सजावटीच्या दुकानात थर्मोकोलच्या पोकळ गोळ्याचे दोन अर्धे मागितले.

"डेकोरेशन का है क्या अम्मा?"

"नक्को जी डेकोरेशन. टॉर्च नापने का है."

दुकानदारानं त्यांच्याकडे बघितलं, टॉर्चकडे बघितलं. "नापने कू टेप होना ना अम्मा, गोला किसकू?"

बाई हसत हसत घरी आल्या. दारात घालायची रांगोळीची पांढरी पूड डिंकाच्या पाण्यात कालवून त्यांनी आतून दोन हात दिले. ऑइलपेंटला चकाकी असते, आणि चकाकी नको होती. बाहेरून जुन्या छत्रीचं काळं कापड गुंडाळलं. एका भोकात टॉर्चचं तोंड, दुसऱ्या भोकाशी राणीचा मोबाइल. त्यात उजेडाचा आकडा दाखवणारं ॲप होतं. दोन भोकांच्या मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे टॉर्च थेट मोबाइलच्या डोळ्यात बघणार नाही. गुरुवारी घरातल्या टॉर्चमध्ये नवे सेल घालून तोच आधी लावून पाहिला. चारशे बारा. पुन्हा लावला. चारशे बारा. बाईंनी तो आकडा कॅलेंडरवर लिहिला आणि राणीला विनाकारण दोन लाडू दिले.

शनिवारी सकाळी योगिनी आली, मागोमाग लंगडत सारंग, काखेत लॅपटॉप. गोळा पाहून त्यानं शिट्टीच वाजवली. "मॅडम, हे तुम्ही घरी केलंत?"

"आधी घरचा टॉर्च," बाई म्हणाल्या. ओळखीच्या दिव्यावर मीटर तपासल्याशिवाय प्रयोग सुरू करायचा नाही, ही जुनी सवय.

तीनशे चाळीस.

सेल बदलले. तीनशे एकेचाळीस. चारशे बारा गेले कुठं?

"ॲप गंडलं असेल," सारंग म्हणाला आणि मोबाइल उघडून बसला. योगिनी म्हणाली, "फॉर्म्युल्यात काही राहिलं का मॅडम?" दोघंही बाईंच्या तोंडाकडे बघत होते, आणि फॉर्म्युला म्हणून बाईंपाशी काहीही नव्हतं. एक क्षण वाटलं, आता उघडं पडणार. पण डोक्याआधी हात कामाला लागले. पदर खोचला, गोळ्यावरचं कापड आणि चिकटपट्टी सोडली, दोन अर्धे वेगळे केले.

आत, पांढऱ्या शुभ्र भिंतीवर, ठसठशीत हळदीकुंकवाचं स्वस्तिक.

"राणीऽऽ!"

राणी स्वयंपाकघराच्या दारात ओशाळून उभी. "नवीन मशीन होतं अत्या. नारळ नाही तर नाही, कुंकू तरी नको का?"

"अगं, मग बाहेरून लावायचं!"

"बाहेर लावलं असतं तर तुम्ही पुसून टाकलं असतं."

आधी सारंग हसला, मग योगिनी, आणि मग बाईंना एवढं हसू लोटलं की डोळे पुसावे लागले. रंगानं उजेड गिळला होता, बाकी काही नाही. त्यांनी ओल्या फडक्यानं कुंकू टिपलं, पुडीचा ताजा हात दिला, गोळा पंख्याखाली वाळत ठेवला आणि तोवर सगळ्यांना खिचडी वाढली. मग घरचा टॉर्च लावला. चारशे अकरा.

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी अगदी ऐटीत म्हटला.

पहिला नमुना लावला: सहाशे दहा. योगिनीनं टाळी वाजवली. "थांब," बाईंनी तो तसाच चालू ठेवला. पाव तासात तो दोनशे ऐंशीवर आला. दुसरा, जरा ओबडधोबड, साडेचारशेवर सुरू झाला आणि पाव तासानंतरही चारशे चाळीसवर ठाम.

"हे लुमेन नव्हेत हां. लुमेन किती ते हा गोळा सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पण बावडीत उतरल्यावर साथ कोण देणार, ते सांगतो. दुसरा घ्या."

योगिनीनं तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. सारंगनं तक्ता केला आणि लॅपटॉप बाईंकडे वळवला. "हा सगळ्या ग्रुपला पाठवतो. वर तुमचं नाव घातलंय."

प्रा. पद्मावती उदगीरकर.

बाईंनी चष्मा नीट केला. अक्षरं देखणी दिसत होती. हो म्हटलं तर कोण तपासायला जाणार होतं? पण खालचा एकेक आकडा खरा होता, आणि त्यांच्या वर हे एका अक्षराचं खोटं बसलं होतं. हळदीकुंकवासारखंच, प्रेमानं, पण आतल्या बाजूला.

"मी कधी शिकवलं नाही," त्या म्हणाल्या. "मी लॅबमध्ये अटेंडर होते. तू मॅडम म्हणालीस, मला गोड वाटलं, मी गप्प बसले."

सारंग लगेच म्हणाला, "म्हणूनच! माझे सर असते तर अजून वहीत चूक शोधत बसले असते. तुम्ही सरळ उघडून पाहिलंत." योगिनी बाईंना बिलगून बसली. "मला काय, तुम्ही काकूच बऱ्या. पण मग इथं काय लिहायचं? नुसतं नाव ठेवू?"

"नुसतं नको," पद्मावतीबाई म्हणाल्या. "प्रा. काढा, आणि नावापुढं लॅब अटेंडर असं लिहा."